तोंडाला न लावलेला धोटा

टांगलेलं कापड दिसलं तेव्हा चंद्रभान थूलला वाटलं, असेल कुणाचं तरी. तो त्याच्याखालून वाकून आतही गेला. मागे कुणीतरी फिसकन हसलं म्हणून वळला, आणि कापडावर खडूनं लिहिलेला साच्याचा नंबर त्याने वाचला. नंबर त्याचाच होता.

हिंगणघाटच्या त्या गिरणीत ही रीतच होती. जिथे माग चालतात ते साचे खातं. तिथे कुणाचं कापड बिघडलं की त्याचा तुकडा खात्याच्या दारात बांबूवर टांगायचा. पाळी बदलताना येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याखालून वाकून जाणार, वर बघणार आणि नंबर वाचणार. मालकाला याचा दमडीचा खर्च नाही, आणि ज्याचं कापड असेल तो माणूस दिवसभर मान वर करत नाही. चंद्रभानने अशी कितीतरी कापडं पाहिली होती, आणि खोटं कशाला सांगा, हसलाही होता.

आता मात्र त्याच्या कानातला सगळ्या साच्यांचा खडखडाट एकदम बंद झाल्यासारखा झाला. एकोणीसशे सत्तावन्नचा उन्हाळा, सकाळीच पत्र्याखाली भट्टी पेटलेली, आणि याचे हात गार पडले. ज्या माणसाने मोठमोठ्यांचं 'अबे' ऐकून घेतलं नव्हतं, त्याला चार वार कापडाने मुका केला.

हा चंद्रभान मूळचा वडनेरचा. बाप लहानू थूल घरातल्या खड्ड्याच्या मागावर जाडंभरडं कापड विणायचा. शेतावर कष्ट करणाऱ्या बायका ते घ्यायच्या, कारण ते फाटत नसे. पुढे गिरणीचं कापड खेड्यात शिरलं आणि लहानूचा माग बसला तो बसलाच. चंद्रभान पोटासाठी त्याच गिरणीत आला. आता बघा गंमत. बापाच्या हाताखाली लहानपणीच धोटा फेकायला शिकलेला हा माणूस, आणि त्याला गिरणीने बारा वर्षं कापूस फोडायच्या खात्यात धूळ खायला ठेवला. त्याला एकट्यालाच नव्हे. आपली महारांची माणसं कापसात होती, सुतात होती, बाया रिळ खात्यात होत्या. साच्यांवर मात्र एकही नाही.

कारण काय, तर थुंकी. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला एका बाजूला भोक असतं. आत सुताची नवी कांडी बसवली की तिचा धागा त्या भोकातून बाहेर काढावा लागतो. तो काढायची गिरणीतली रीत अशी, की भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सुर्र. धागा जिभेवर येतो. आणि धोटा कुणा एकाचा नसतो. सकाळपाळीचा माणूस घरी गेला की दुपारपाळीचा तोच धोटा तोंडाला लावतो. म्हणजे महाराचा उष्टा धोटा कोष्ट्याच्या, तेल्याच्या, कुणब्याच्या तोंडात! ते कसं चालेल? कापड निघणार, पेठेत जाणार, सोवळ्या-ओवळ्या सगळ्यांच्या अंगावर चढणार, तिथे कुणाला विटाळ नाही. विटाळ विणणाऱ्याच्या ओठाला. असलं ते शास्त्र.

छप्पन्नच्या दसऱ्याला चंद्रभान बायकोला, गोपिकाला घेऊन नागपूरला गेला. पांढऱ्या कपड्यांचा तो समुद्र त्याने पाहिला, त्याच समुद्रात उभं राहून दीक्षा घेतली आणि परत आला तो वेगळाच होऊन. आठवडाभरात बस्तीतली माणसं गिरणीच्या हाफिसात जाऊन उभी राहिली. चंद्रभान सगळ्यांत पुढे. "आता आमी महार नाई. आता कोणतं कारण सांगता ते सांगा."

बरेच महिने टाळाटाळ झाली. शेवटी साचे मास्तर म्हणाला, एक माणूस घेऊन बघू. कापड बरं निघालं तर वैशाख संपताना तो कायम, आणि मग बाकीच्यांचा विचार. बिघडलं तर विषय संपला. बस्तीने चंद्रभानला पाठवला. त्याच्या मागे बस्तीतलाच रूपराव होता, आणखी पोट्टे होते, सगळे त्याच्या हाताकडे डोळे लावून बसलेले.

आणि पहिल्याच दिवशी चंद्रभानने काय केलं? आजूबाजूचे विणकर कुजबुजत होते, याचा धोटा कोण तोंडाला लावणार म्हणून. याने छत्रीच्या मोडक्या काडीचा एक आकडा करून आणला होता. टोकाला वाकवलेला, चकचकीत. तो त्याने सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"माह्यी थुंकी कोणाले नोको ना? घ्या! मी तोंडच लावत नाई. तुमच्या गिरणीचा धोटा तुमाले लखलाभ."

आकडा भोकात घालायचा, धागा अडकवायचा, ओढायचा. जमत होतं. त्याच साच्यावर दुपारपाळीला येणारा भैयाजी तेली टिंगलखोर माणूस. तो म्हणाला, "बरं केलं बावा. नाई तं माह्यी बायको मले घरात घेत नोती." पण एवढं होऊनही भैयाजीने आपला धोटा वेगळाच ठेवला. चंद्रभानचा धोटा साच्याच्या कडेला खिळ्यावर लटकायचा. हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवत, तसा. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे.

बस्तीत मात्र त्या आकड्याचं फार कौतुक झालं. स्वाभिमान असावा तर असा! चंद्रभान तो कानावर खोचून गावभर फिरू लागला.

त्याच्या लाईनीचा जॉबर, म्हणजे मुकादम, पुंडलिकराव. जातीने कोष्टी, तीस वर्षं साच्यांत घालवलेला. चार साच्यांपलीकडून आवाजावरून सांगायचा की कुठला पट्टा ढिला आहे. पण तोंड असं की त्यापुढे साचा मऊ बोलतो म्हणावं. शिकवणं त्याला माहीत नव्हतं, खेकसणं माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात येऊन तो चंद्रभानला म्हणाला होता, "आकडा सोड."

"काऊन?"

"सोड म्हणतो म्हणून."

चंद्रभानने ते बरोबर ओळखलं, असं त्याला वाटलं. आकडा सोड म्हणजे तोंड लाव. तोंड लावलं की ओरडा होणार, आणि ओरडा झाला की साचा सोड. म्हातारा मला सापळ्यात धरतो काय! "आकडा माह्या आहे," तो म्हणाला, "साचा गिरणीचा. तुमी साच्याचं पाहा." पुंडलिकराव खांदे उडवून पुढे गेला. पुन्हा एकदा बोलला, पुन्हा तेच उत्तर ऐकलं. मग बोलला नाही.

आणि आज हे टांगलेलं.

"पुंडलिकराव! हे कोणं टांगलं?"

"म्या."

"काऊन टांगलं?"

"कापड नाई थे. चाळणी आहे. घरी नेजो, पीठ चाळाले कामी येईन."

सगळी लाईन हसली. चंद्रभानचं रक्त डोक्यात चढलं. "बाकीच्याहिचं कदी बिघडत नाई वाट्टे! आमचं तेवढं दिसते तुमाले?"

"मांगच्या महिन्यात माह्या सख्ख्या भाच्याचं टांगलं होतं," पुंडलिकराव म्हणाला. "तवा तू दात काढून राह्यला होता."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त झोंबलं. चंद्रभानने उडी मारून कापड खाली ओढलं, घडी न करता सदऱ्याच्या आत कोंबलं. "दाखवतो लोकाहिले. उद्या पाहा कसा तमाशा होते दारावर." दिवसभर तो पोट फुगलेल्या माणसासारखा साचा चालवत राहिला, आणि दिवसभर धागा तुटत राहिला. धागा तुटला की साचा थांबायचा, पुन्हा चालू केला की कापडात आडवी फट पडायची. साचाच जुनाट दिला यांनी, तो मनात म्हणाला. मुद्दामच दिला.

दुपारी सुटल्यावर बस्तीतल्या निंबाखाली माणसं जमली. चंद्रभान बोलायला उभा राहिला म्हणजे आग. कापूस फोडायच्या खात्यापासून सुरुवात केली, बापाच्या मागावर आला, नागपुरावर आला, खिळ्यावर लटकणाऱ्या धोट्यावर आला. पोरांच्या मुठी आवळल्या. रूपराव ओरडला, "उद्या पाळी बदलाच्या टायमाले दारावर मोर्चा!" सगळे म्हणाले, मोर्चा.

"कापड दाखव," एक आवाज आला.

पंचफुला आत्या. चंद्रभानच्या बापाची धाकटी बहीण, रिळ खात्यात आयुष्य गेलेली. ती खाटेच्या कडेवर बसून तंबाखू मळत होती.

"आत्या, कापडाचा प्रश्नच नाई हा."

"मंग त्याहिनं टांगलं काय होतं? तुह्यी टोपी?"

दोन-चार पोट्टे हसले. चंद्रभानने चिडून सदऱ्यातून गोळा काढला आणि तिच्या पुढ्यात टाकला. आत्या उठली. दोन्ही हातांनी कापड झटकलं आणि उन्हात आडवं धरलं.

"वर नोको पाहू, बावा. खाली पाह्य."

जमिनीवर कापडाची सावली पडली होती. सावलीत उजेडाच्या रेघा होत्या. एक नाही, दोन नाही, सगळी सावली फाटलेली. त्या रेघा चंद्रभानच्या पायांवरून गेल्या होत्या. माणसं पुढे सरकून बघू लागली. चंद्रभान आपल्या पायांकडे बघत राहिला. त्याने ते कापड सकाळपासून पोटाशी धरलं होतं, आणि एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

आत्याने कडेचा एक धागा ओढून काढला, बोटांतून सरकवला. "याले कायनं तरी खरवडलं आहे. सूत आमच्या खात्यातून असं जात नाई. आता थे जातीनं खरवडलं का कायनं, तुले माहीत."

"तू त्याहिची झाली, आत्या."

असं कुणी आत्याला बोलू शकेल हे कुणाला खरं वाटलं नाही. चंद्रभानलाही नाही, शब्द तोंडातून निघून गेले तसा तोच दचकला. आत्याने तंबाखू तोंडात टाकली. "मी कोणाची झाली थे सोड. वैशाख सरत आला. तुह्या मांगं हा रूपराव उभा आहे. तुह्या कापडावर याचं पोट आहे. मोर्चात मी येईन. मांगं राह्यनारी नाई मी. पण हे कापड हातात घेऊन मी बोंब मारनार नाई."

घरी गोपिकाने ते कापड नीट घडी करून ठेवलं आणि विचारलं, "खरंच होईन का जी, पीठ चाळाले?" चंद्रभान न जेवता उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साच्यावर उभा होता तो भांडायच्या तयारीने. दुपारी मोर्चा येणार हे खात्यात सगळ्यांना कळलं होतं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. धागा तुटला. साचा थांबला. त्याने नवी कांडी बसवली, कानावरचा आकडा काढायला हात नेला, तेवढ्यात मागून पुंडलिकराव आला.

"किती तोडतं रे धागा? सर तिकडं."

त्याने चंद्रभानच्या हातातला धोटा हिसकला. कांडी बोटाने फिरवून पाहिली, धागा भोकाशी आणला, आणि भोकाला ओठ लावून श्वास ओढला. सुर्र.

बाजूच्या साच्यावरचा माणूस तसाच उभा राहिला, हात हवेत. त्याच्या पलीकडच्याने आपला साचा थांबवला. मग त्याच्या पलीकडच्याने. त्या लाईनीत एकाएकी अशी शांतता झाली की दूरच्या लाईनीतले लोक वळून बघू लागले.

पुंडलिकरावाला ते कळायला थोडा वेळ लागला. तो काही मोठेपणा दाखवायला आला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. तीस वर्षं हातात धोटा आला की ओठ पुढे जात होते. आजही गेले. ओठांनी त्याला विचारलं नाही की हा कुणाचा आहे. आता त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, आणि खालच्या ओठावर रक्ताचा थेंब उभा होता.

तो थुंकला. लाल थुंकला. सगळी लाईन त्या थुंकीकडे बघत होती, आणि चंद्रभानही. ही थुंकी रक्ताची की विटाळाची? तेवढ्यावर पुढची मारामारी ठरणार होती. चंद्रभानच्या मुठी वळल्या.

पुंडलिकरावाने मनगटाने ओठ पुसला, रक्ताकडे पाहिलं, मग धोट्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू गेली आणि तिथे तो रोजचा राग आला.

"भोकाले धार आली याच्या! बोट घाल. घाल म्हणतो ना!"

चंद्रभानने भोकात करंगळी घातली. आतली कड गुळगुळीत असते ती खरबरीत लागली, आणि एका जागी चांगलाच काप पडला होता. करंगळी चिरली. तारेच्या आकड्याने भोकाची कड रोज थोडी थोडी ओरबाडली होती. त्या धारेवरून बाण्याचा, म्हणजे आडवा, प्रत्येक धागा खरवडून निघत होता आणि थोडं पुढे जाऊन तुटत होता. धोटा वेगळा ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा ओठ नाही, बोट नाही. कोण सांगणार होतं?

"पयल्या हप्त्यात सांगतलं होतं. आकडा सोड."

"मंग काऊन सोडू थे नाई सांगतलं तुमी!" चंद्रभान ओरडला. आवाज फाटला. "मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, साचा सोड म्हणता."

"तसं म्हणाचं असतं तर तसंच म्हणलो असतो. भेतो का मी तुले?" पुंडलिकरावाने धोटा साच्याखाली भिरकावला. "ष्टोरमधून नवा आण. आन् तोंडानं ओढ."

"तोंडानं? मंग भैयाजी?"

"भैयाजीचं भैयाजी पाहीन. मले कापड पायजे."

तो फणफणत निघून गेला. साचे पुन्हा सुरू झाले. चंद्रभान चिरलेली करंगळी धरून उभा राहिला, आणि तेव्हा त्याला खरं काय ते दिसलं. पुंडलिकराव बरोबर निघाला, हे कसंही गिळता आलं असतं. पण ज्या आकड्याला तो स्वाभिमान म्हणून कानावर मिरवत होता, तो आकडा विटाळ मानणाऱ्यांच्याच कामाचा होता. त्यांनी न सांगता त्याने स्वतःच आपला ओठ बाजूला केला होता. त्यांच्या विटाळाची राखण तो फुकट करत होता, कापड बिघडवून करत होता, आणि बस्ती त्यावर टाळ्या वाजवत होती.

दुपार झाली. दारावर घोषणा ऐकू यायला लागल्या. जय भीमचा आवाज पत्र्यांवर आदळत होता. चंद्रभान मास्तरची परवानगी घेऊन बाहेर गेला. लोकांनी त्याला पाहिलं तसा आवाज दुप्पट झाला. निळा झेंडा रूपरावाच्या हातात. पुढच्या रांगेत पंचफुला आत्या, पदर कमरेला खोचून. काल म्हटल्याप्रमाणे आलेली, आणि तोंड बंद.

त्याने हात वर केला.

"ऐका. कापड म्या बिघडवलं."

कुणाला ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ऐकू आलं होतं हे कळलं.

"धोट्याचं भोक माह्या आकड्यानं कापलं. धागा त्याच्यानं तुटे. पुंडलिकरावनं पयलेच सांगतलं होतं. म्या नाई आयकलं."

"अबे, तुले दमदाटी केली का आतमंधी?" रूपराव जवळ आला. "नाव सांग कोण थे!"

"कोणं नाई केली." त्याने करंगळी वर केली. "हे पाह्य. माह्याच आकड्याची धार."

रूपरावाचा चेहरा उतरला. "मंग काय आता? जात आडवी नाई म्हणतं काय तू? झेंडा गुंडाळून घरी जावं का?"

मागून कुणीतरी हसलं, कुणी शिवी घातली. त्या शिवीने चंद्रभानचा जुना स्वभाव जागा झाला, आणि बरंच झालं.

"घरी काऊन जाचं? जात आहे ना! कापड बिघडलं थे माह्या हातानं, आन् धोटा खिळ्यावर लटकते थो त्याहिच्या जातीनं. दोन्ही खरं आहे. एकाचं गाठोडं दुसऱ्यात नोका बांधू. आपून काल कापडासाठी भांडाले निंघालो होतो, थे आपलं चुकलं. आज धोट्यासाठी भांडा. एका साच्यावर एक धोटा. मी तोंडानं ओढीन, भैयाजीनं तोच घ्याचा."

पंचफुला आत्याने अशी काही किंकाळी मारली की चौकीदार दोन पावलं मागे सरला. "एक साचा, एक धोटा!" ते सगळ्या जमावाने उचललं. मोर्चा परत गेला नाही. काल मागणी होती की कापड टांगू नका. आजची मागणी मास्तरला नाकारता येईना, कारण गिरणीची जुनी रीत नेमकी तीच होती.

मास्तर पुंडलिकरावाला घेऊन साच्यापाशी आला. चंद्रभान नवा धोटा घेऊन उभा होता. खिडक्यांच्या जाळ्यांना बाहेरून माणसं चिकटली होती.

"याचं काम कसं आहे हो?" मास्तरने विचारलं. "कायम करायचं की कसं, ते तुमच्या तोंडून कळू द्या."

"कच्चं आहे," पुंडलिकराव म्हणाला.

चंद्रभानने म्हाताऱ्याकडे पाहिलं. एवढं सगळं होऊन? सगळ्यांसमोर?

"हात कच्चा. टाळकं गरम. कोणाचं आयकत नाई," पुंडलिकराव बोलतच राहिला, चंद्रभान समोर नाहीच असा. ओठ सुजल्यामुळे त्याचे शब्द जाड येत होते. "पण बापाच्या मागावर बसेल आहे, धोट्याची फेक चांगली आहे. दोन महिन्यात लाईनीवर येते. ठेवा."

'ठेवा' हा शब्द चंद्रभानला उशिरा ऐकू आला. 'कच्चं' अजून कानात वाजत होतं.

मास्तरने भैयाजीकडे पाहिलं. तो पाळीवर आलेला, हातात आपला वेगळा धोटा. "आजपासून एकच धोटा. नाही चालत तर सांग, दुसरा बदली माणूस आहे."

चंद्रभानने नवी कांडी बसवली. सगळ्यांच्या देखत धोटा तोंडाला लावला. वडनेरला बापाच्या मागावर शेवटचा लावला होता, त्यानंतर आजच. लाकडाचा, तेलाचा वास आला. सुर्र. धागा जिभेवर आला. त्याने साचा चालवून दाखवला, कांडी संपत आली तसा थांबवला, आणि धोटा भैयाजीपुढे धरला.

भैयाजीने तो घेतला. घेतला हेच पुष्कळ होतं. आज त्याला एकही गंमत सुचत नव्हती. कपाळावर घाम. एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा आपल्या लोकांकडे. नवी कांडी बसवली, आणि मग सदऱ्याचं टोक ओढून त्याने भोक पुसलं. खसाखसा पुसलं.

खिडकीतून गुरगुर ऐकू आली. रूपराव जाळीवर चढला. आता चंद्रभान त्याच्या गळ्याला धरणार, असं सगळ्यांना वाटलं. पुंडलिकरावालाही वाटलं, तो मध्ये सरकला.

"अबे भैयाजी!" चंद्रभान ओरडला. "तेलाच्या सदऱ्यानं पुसून राह्यला काय? सारा धागा काळा होईन! कापडाले डाग पडला का तुह्यं टांगतीन उद्या!"

भैयाजी दचकला. त्याने सदऱ्याचं टोक पाहिलं. खरंच काळंकुट्ट होतं.

"मंग कायनं पुसू?"

"पुसूच नोको ना बाप्पा!"

कुणीतरी हसलं. मग सगळी लाईन. भैयाजीने एक सणसणीत शिवी हासडली, ती नेमकी कुणाला ते कुणाला कळलं नाही, डोळे मिटले आणि धोटा तोंडाला लावला. औषध घेतात तसा. धागा आला. डोळे उघडले तेव्हा तोच सगळ्यांत जास्त चकित दिसत होता. घरी जाऊन त्याने अंघोळ केली असेल. पुंडलिकरावानेही केली असेल. दोघांपैकी कुणीही चंद्रभानच्या हातचं पाणी पुढे कित्येक वर्षं प्यायलं नाही, आणि चंद्रभानही त्यांना ते विसरू देत नसे. पण त्या साच्यावर धोटा एकच राहिला, आणि पावसाळा सरता सरता पलीकडच्या लाईनीत रूपराव उभा होता.

त्या दुपारी साचा चालू झाला, खिडकीतली माणसं ओरडत खाली उतरली. चंद्रभानला वाटलं, आता कुणीतरी पाठीवर हात ठेवेल. निदान एवढं तरी. पुंडलिकराव त्याच्या सकाळच्या कापडावर वाकला होता. बोटाने कड चाचपत होता.

"काठ आत ओढला जाऊन राह्यला," तो म्हणाला. "हे बी तुह्यंच काम."

चंद्रभानचे कान तापले. तोंडात उत्तर तयार होतं, आणि चांगलं जहरी होतं.

"कोठं?" तो म्हणाला, आणि वाकून बघू लागला.